‘हँड्स-ऑन’ वर्कशॉपमध्ये मातीला हातच लावू दिला नाही, फी परत हवी आहे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

जूनमध्ये पुण्यात तुमचं दोन दिवसांचं परमाकल्चर (निसर्गाच्या रीतीने चालणाऱ्या शेती-बागेची आखणी) आणि गच्चीवरच्या बागेचं वर्कशॉप झालं, त्याला मी आणि माझ्या सासूबाई दोघी आलो होतो. माणशी साडेतीन हजार फी, शिवाय तुमचं स्टार्टर किट घेतलं ते वेगळं. तुमच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलंय की वर्कशॉप पूर्णपणे हँड्स-ऑन आहे, वाफा तुम्ही स्वतः भरणार, कंपोस्टचा ढीग स्वतः लावणार, जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रवखत) स्वतः ढवळणार. स्क्रीनशॉट आणि पावती दोन्ही सोबत जोडलंय. फोनवर "कॉलबॅक करतो" एवढंच ऐकायला मिळतंय म्हणून आता लेखी देतेय.

पहिला अख्खा दिवस एसी हॉलमध्ये खुर्चीवर गेला. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात परमाकल्चर कसं मांडलं ते सांगितलं, ते छानच होतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मग कोरड्या माळरानावर पाणी अडवायला कंटूरवर, म्हणजे समान उंचीच्या रेषेवर, चर कसे खणायचे याच्याच स्लाइड्स जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालल्या, आणि समोर बसलेले सगळे फ्लॅटवाले, पाऊस तोंडावर आलेला, तर गच्चीवरच्या कुंडीत पाणी साचून मुळं कुजतात ते कसं टाळायचं यावर एक वाक्य नाही. आपल्याच कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून लोकांना स्वतः प्रयोग करायला लावून शेती शिकवली, त्यांचं साधं नावही कुणी घेतलं नाही. पालापाचोळ्यापासून अमृत माती करतात ती त्याच विचारातून पुढे आलीय, आणि सोसायटीत पडणारा पाला जाळणाऱ्या आमच्यासारख्या शहरातल्या लोकांना ती सगळ्यात आधी शिकवायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये नेलं, तिथे एका घमेल्यात ट्रेनरनी कोकोपीट, शेणखत, निंबोळी पेंड कालवून दाखवली आणि आम्ही सगळे भोवती उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. सासूबाईंनी हात पुढे केला तर "मॅडम, वेळ कमी आहे, व्हिडिओ ग्रुपवर टाकतो" असं म्हणून घमेलं बाजूला ओढलं. त्यांचं लहानपण साताऱ्याकडे शेतात गेलंय, त्यांना वाईट वाटलं ते वाटलंच, पण खरा प्रश्न शिकण्याचा आहे. मिश्रण किती ओलं हवं हे कसं कळतं? मूठ आवळली की गोळा वळायला हवा, बोटांमधून पाणी ठिबकता कामा नये आणि वरून टिचकी मारली की गोळा फुटायला हवा. हे हाताला कळतं, स्लाइडवर "ओलावा 50 टक्के" असं लिहून कळत नाही. जीवामृताचंही तसंच. 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, ते सावलीत ठेवून दोन दिवस ढवळायचं, घरच्यासाठी त्याच प्रमाणात बादलीभर केलं तरी चालतं. आम्हाला ते करायला दिलंच नाही, त्याऐवजी बाटलीबंद जीवामृत विकलं. बाटलीवर वापराची मुदत एक वर्ष छापलीय आणि तुमच्याच स्लाइडवर लिहिलं होतं की तयार झाल्यावर आठवडाभरात वापरा. यातलं खरं काय धरायचं ते सांगा.

आता किटमधल्या बियांबद्दल, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. पाकिटावर हिरव्या अक्षरात "देशी, रसायनमुक्त बियाणं" असं छापलंय आणि भेंडीचं पाकीट फोडलं तर आतल्या बिया गडद गुलाबी, बोटांना रंग लागतोय. भेंडीचं बी मुळात राखाडी-हिरवट असतं हे घरी भाजी लावणाऱ्या कुणालाही माहीत असतं. बुरशीनाशक लावलेल्या बियांना असा रंग मुद्दाम देतात, कुणी चुकून खाऊ नये किंवा गुराढोरांना घालू नये म्हणून. म्हणजे ज्या बियांना हातमोजे घालून हात लावायचा त्या तुम्ही रसायनमुक्त म्हणून विकल्या, आणि त्या दिवशी काही जण मुलांना घेऊन आले होते, ती पोरं तीच पाकिटं फोडून बिया तळहातावर घेऊन मोजत होती, तुमची माणसं शेजारी उभी होती पण कुणी काही बोललं नाही. हे चुकून झालं असेल तर तसं सगळ्यांना कळवा, पण कळवा. बिया आणि पाकिटाचा फोटो जोडलाय, पाकीट मी जपून ठेवलंय.

दुसरी गंभीर गोष्ट गच्चीची. ट्रेनरनी सगळ्यांना सांगितलं की विटा लावून वाफा करा आणि एक फूट माती भरा, काही होत नाही. माझे दीर सिव्हिल इंजिनिअर आहेत, ते ऐकूनच उठून बसले. पाणी प्यायलेली माती एक फूट जाडीची असेल तर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते, आणि आयएस 875 या बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे लोकांच्या वापरातल्या गच्चीचा लाइव्ह लोड (स्लॅबच्या स्वतःच्या वजनाशिवाय वर येणारा भार) धरतात दीड किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. जुन्या बिल्डिंगची तर बातच सोडा. गच्चीवर वाफे करू नका असं मी म्हणत नाहीये, पण वाफा बीमवर किंवा भिंतीच्या बाजूला घ्या, माती कमी आणि पालापाचोळा जास्त घ्या, वॉटरप्रूफिंग तपासा, आधी इंजिनिअरला विचारा, हे सांगायला किती वेळ लागतो? आपल्या ग्रुपमधल्या एका काकूंनी विटांची ऑर्डर देऊनसुद्धा टाकली होती, मी त्यांना फोन करून थांबवलं. बाकीच्यांना कोण थांबवणार?

कंपोस्टचं थोडक्यात सांगते. तुम्ही शिकवलंत की ओला कचरा टाका, वर आमचं कल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) शिंपडा, झालं. सुका पाला प्रत्येक थरावर लागतो, कार्बन (सुक्या पाल्यातला) आणि नायट्रोजन (ओल्या कचऱ्यातला) यांचं प्रमाण 30 ला 1 च्या आसपास राहायला हवं, हे कुणी सांगितलंच नाही. साहजिकच पावसाच्या दमटपणात डब्याला वास सुटला आणि करड्या रंगाच्या जाड अळ्या झाल्या. तुमच्या हेल्पलाइनला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला तर उत्तर आलं, "झुरळांचा स्प्रे मारा." परमाकल्चर शिकवणारी कंपनी कंपोस्टमध्ये कीटकनाशक मारायला सांगते! त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या होत्या, त्या कचराच खातात, चावत नाहीत, त्रास देत नाहीत. सुका पाला घालून डबा हलवला, झाकणाखाली जाळी लावली, वास गेला. हे मला सासूबाईंच्या माहेरच्या एका शेतकऱ्याने फोनवर सांगितलं, फुकट.

माझं म्हणणं एवढंच आहे की आम्हा दोघींची फी आणि किटचे पैसे पूर्ण परत करा. त्या बॅचमधल्या सगळ्यांना लेखी कळवा की गुलाबी बियांना उघड्या हातांनी हात लावू नका आणि गच्चीवर एक फूट मातीचा वाफा इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका, हे पैशांच्या आधी झालं पाहिजे, आजच. आणि पुढच्या बॅचच्या जाहिरातीतून ‘हँड्स-ऑन’ काढा किंवा मग वीस माणसांना वीस घमेली द्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. व्हॉट्सअॅपचं संभाषण, फोटो, पावत्या सगळं माझ्याकडे आहे.

कळावे,
जूनच्या पुणे बॅचमधली एक ग्राहक