कागदाला वेगळी भिंत द्या

महोदय,

सप्रेम नमस्कार.

प्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला की ‘चित्रे, शिल्पे आणि कागदावरील कामे’ ही ओळ वर्तमानपत्रांतून सतत वाचायला मिळते. तिच्यातला शेवटचा भाग सगळ्यात ढिसाळ आहे. कागदावरील काम म्हणजे जलरंग, कोळशाचे रेखाटन, तांब्या-जस्ताच्या पत्र्यावरून घेतलेला ठसा, लगद्यातून उठवलेले काम, की संगणकावरून छापलेली प्रत? ज्याचे माध्यम कुणी विचारत नाही, ते लावायचे कसे याचाही विचार कुणी करत नाही. बऱ्याच गॅलऱ्यांत कॅनव्हास, ब्राँझ आणि कागद या तिघांच्या वाट्याला एकाच जातीचा उजेड येतो. कॅनव्हासला तो चालतो, ब्राँझला तर काहीच होत नाही. कागदाचे मात्र नुकसान होते, आणि ते आठवड्याभरात दिसत नसल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीचेच माप घेऊ. प्रदर्शन मंगळवार ते सोमवार, रोज सकाळी ११ ते संध्याकाळी ७, म्हणजे ५६ तास. जलरंग, मार्कर, बॉलपेन, रंगीत शाई यांच्यासाठी संग्रहालये साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) उजेडाची मर्यादा पाळतात. त्या हिशेबाने आठवड्याला २,८०० लक्स-तास (उजेड गुणिले तास) होतात. तैलचित्रांसाठी २०० लक्सपर्यंत जाता येते. आता छतावरच्या पट्टीतले स्पॉटलाइट जवळून थेट चित्रावर रोखले, तर भिंतीवर ४०० लक्स सहज पडतात. म्हणजे त्याच आठवड्यात २२,४०० लक्स-तास. संग्रहालयाने आठ आठवड्यांत खर्च केला असता तेवढा उजेड इथे एका आठवड्यात संपतो. उडालेला रंग परत येत नाही, आणि चित्र नंतर कपाटात ठेवल्याने मागची झीज भरून निघत नाही. एलईडी दिव्यांत अतिनील किरण जवळपास नसतात हे खरे, पण दृश्य प्रकाशानेही रंग उडतोच. अलिझरिनचा किरमिजी, मार्करचे गुलाबी-जांभळे आणि बॉलपेनची निळी शाई आधी जातात. काजळीची शाई टिकते. जुन्नरी कागदावरचे मोडी दस्तऐवज अजून काळेभोर दिसतात ते याच कारणाने.

उजेड मोजायला महागडे यंत्रच हवे असे नाही. फोनवरच्या लक्समापकाने अंदाज येतो. फक्त फोन हातात आडवा धरू नये; त्याचा सेन्सर दिव्याकडे तोंड करून, चित्राच्या पृष्ठभागाला समांतर धरावा.

नुसते दिवे मंद करून मात्र भागत नाही, आणि बहुतेक गॅलऱ्यांचे घोडे इथेच अडते. ४०० लक्सच्या कॅनव्हासवरून नजर थेट ५० लक्सच्या रेखाटनावर गेली की प्रेक्षकाला अंधारच दिसतो. तो तक्रार करतो, आणि दुपारपर्यंत कुणीतरी दिवा वाढवतो. डोळ्याला मंद उजेडाची सवय व्हायला दोन-चार मिनिटे लागतात. म्हणून कागदाला वेगळी भिंत हवी. शक्यतो आतली खोली, ती नसेल तर आडव्या पडद्यामागचा कोपरा. तिथे जाताना उजेड टप्प्याटप्प्याने उतरायला हवा.

काही कामे तर मंद, तिरक्या उजेडातच नीट दिसतात. मुद्राचित्रकार सोमनाथ होर यांची १९७० च्या दशकातली ‘वूंड्स’ (जखमा) मालिका घ्या. मातीच्या किंवा मेणाच्या थरावर चिरे आणि खाचा पाडायच्या, त्यावरून सिमेंटचा साचा घ्यायचा आणि त्या साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. वाळल्यावर हाती येतो पांढऱ्यावर पांढरा ठसा. त्यात रंग जवळजवळ नाहीच, जखम दिसते ती सावलीने. समोरून झगझगीत दिवा मारला की सावली मरते आणि भिंतीवर एक पांढरा आयत उरतो. दिवा बाजूला घेऊन तो चित्राला अगदी तिरका लावला, तर ५० लक्समध्येही प्रत्येक चिरा बोलतो. चित्रकार झरीना यांची १९७७ ची सुईने भोके पाडलेली कामेही याच जातीची. हिम्मत शहा यांच्या १९६० च्या दशकाच्या सुरुवातीच्या जळक्या कागदाच्या कोलाजांना आणखी एक भय असते. जळालेली कड म्हणजे कोळसाच. ती काचेला टेकली किंवा फ्रेम आदळली की भुकटी होते. यातले होर आणि शहा शिल्पकारही होते. अशांची शिल्पे आणि कागद एका दालनात आले, की दिवे शिल्पाच्या सोयीने लागतात.

आता चौकटीविषयी. खरे नुकसान बहुधा तिथेच होते.

रूढ पद्धत अशी: चित्र चारही कडांनी माउंटला (चित्राच्या मागे-भोवती लावायच्या पुठ्ठ्याला) चिकटवायचे, पाठीमागे हार्डबोर्ड, बारीक खिळे, वरून तपकिरी टेप. कागद हवेतला ओलावा पिऊन पसरतो आणि कोरड्या हवेत आकसतो. त्याला चारही बाजूंनी धरून ठेवले की पसरायला जागा उरत नाही आणि त्याला लाटा येतात. दिवसा वातानुकूलन चालू, रात्री बंद, हा खेळ गॅलरीत रोज चालतो. लाट काचेला टेकली की तिथे बाष्प धरते, आणि सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी येते. मुंबईच्या पावसाळ्यात ८० टक्के काही विशेष नाही. मग ‘कागदच खराब होता’ म्हणून चित्रकाराला बोल लावला जातो.

बरोबर पद्धत जास्त खर्चाची नाही, जास्त वेळाची आहे. चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी धरायचे, बाकी मोकळे सोडायचे. त्यासाठी जपानी टिश्यूच्या साधारण एक इंच रुंदीच्या पट्ट्या. त्या कात्रीने कापू नयेत, ओल्या रेघेवर फाडाव्यात. तंतू मोकळे सुटलेली कड चित्रावर वळ उठवत नाही. चिकटवायला गव्हाच्या सत्त्वाची खळ. कुरडईसाठी गहू भिजवून, वाटून चीक काढतात तीच ही वस्तू. नुसत्या कणकेची खळ नको, तिच्यात प्रथिने राहतात आणि कीड येते. एक भाग सत्त्व आणि चार-पाच भाग पाणी मंद आचेवर अर्धा तास सतत ढवळत शिजवायचे, गार झाल्यावर चाळणीतून दाबून काढायचे. फ्रिजमध्ये काही दिवस टिकते, वास आला की फेकायची. जुन्या बाइंडिंगवाल्यांच्या सवयीप्रमाणे मोरचूद मात्र घालू नये. कीड मरते, पण तांबे पुढे कागदच तपकिरी करून मोडते. खळीचा फायदा एवढाच की पन्नास वर्षांनीही किंचित ओलाव्याने ती सुटते. वाळलेला फेव्हिकॉल तसा सुटत नाही. सेलोटेप तर काही वर्षांनी स्वतः गळून पडतो आणि पिवळा डाग मागे ठेवतो.

माउंट सुती लगद्याचा, आम्लरहित हवा. साध्या पुठ्ठ्याचे आम्ल कागदात उतरते. जुन्या चित्रावरचा माउंट उचलून पाहा: खिडकीच्या कापाला लागून चारही बाजूंनी तपकिरी रेघ दिसेल. ती रेघ घासून जात नाही. दीड मिलिमीटरचा माउंट ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) लाटा आलेल्या कागदाला काचेपासून पुरेसा दूर ठेवत नाही. चौकटीच्या खाचेत ५ मिलिमीटरची पट्टी दडवावी लागते. पाठीला हार्डबोर्ड किंवा एमडीएफ न लावता पॉलिप्रॉपिलीनचा पन्हळी पत्रा लावावा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून ८-१० मिलिमीटरचे बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि चौकट यांच्यात हवा खेळते. बाहेरच्या भिंतीवर, पावसाळ्यात, एवढ्याशा तुकड्यांनी चित्र वाचते.

काच की ॲक्रिलिक, हा प्रश्न वजनावर सोडवू नये. ॲक्रिलिक हलके, न फुटणारे, वाहतुकीला उत्तम. पण पुसताना त्यात स्थिर विद्युत तयार होते आणि ते कोळसा, पेस्टल, खडू यांचे कण कागदावरून ओढून घेते. तिथे काचच हवी, आणि नेताना काचेवर टेपचे जाळे. हल्ली कागद बिनचौकटीचा, क्लिपांनी टांगायची टूम आहे. दिसायला छान, पण क्लिपचा दात कायमचा उमटतो. टांगायचेच तर क्लिपऐवजी लोहचुंबक वापरावे, चित्र आणि लोहचुंबक यांच्यामध्ये जाड टीपकागदाचा तुकडा ठेवावा, आणि प्रेक्षकाचा हात पोचणार नाही इतके अंतर राखावे.

कॅनव्हासबद्दल एकच सूचना. ॲक्रिलिक रंग उकाड्यात मऊ पडतो, आणि बबल रॅपचे फुगे आतल्या बाजूला ठेवले तर चित्रावर गोल ठसे उमटतात. फुगे बाहेर, आणि रंगाला लागून सिलिकॉन लावलेला कागद. ब्राँझसाठीही एकच: उघड्या हाताने धरू नये. घामातले क्षार आणि समुद्राची खारी हवा मिळून तांब्यावर फिकट हिरवी भुकटी आणतात. ती जुनी, घट्ट बसलेली हिरवी झिलई नव्हे, धातू खाणारा रोग आहे. पातळ मेणाचा हात आणि सुती हातमोजे यांनी बरेच भागते.

चौकटी लावण्याचा हिशेबही लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण दर आठवड्याला तो भिंतीवर पेन्सिलीने नव्याने शोधला जातो. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. चौकट ३० इंच उंच असेल तर तिची वरची कड ७३ वर. तार ताणल्यावर कडेच्या ४ इंच खाली येत असेल तर खिळा ६९ वर. रुंद चौकटीला एक खिळा नको, दोन हवेत, नाहीतर लोकांच्या पावलांनी ती रोज थोडी थोडी कलते.

राहिला मुद्दा लेबलांचा, आणि यात वर्तमानपत्रेही भागीदार आहेत. ‘मिश्र माध्यम, कागद’ हे वर्णन नव्हे, टाळाटाळ आहे. ‘कोळसा आणि गव्हाश (अपारदर्शक जलरंग), सुती कागद ३०० जीएसएम, ५६ × ७६ सेंमी., २०१९’ असे लिहिले की पाहणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि पुढे कधी दुरुस्ती करणाऱ्याला, तिघांनाही उपयोग होतो. ठशांच्या बाबतीत तर हे पैशाचे प्रकरण आहे. ५/२० याचा अर्थ वीस प्रतींतली पाचवी. चित्रकाराने स्वतः पत्रा कोरून छापलेल्या कामात पत्र्याची कड कागदात दबलेली दिसते, बोटालाही लागते. कॅनव्हासचे छायाचित्र इंकजेटवर छापून सही केलेल्या प्रतीवरही ५/२० लिहिता येते. दहापट भिंगाखाली तिच्यात बारीक ठिपके दिसतात. दोन्ही विकायला हरकत नाही, पण दोन्हींवर नुसते ‘प्रिंट’ लिहून एका रांगेत लावायला आहे.

गॅलऱ्यांना आमची मागणी मोठी नाही. दालन भाड्याने देतानाच्या अर्जात कागदी कामांची संख्या आणि माध्यम हा एक रकाना घाला, आणि एका भिंतीचे दिवे स्वतंत्र बटणावर घ्या. जहांगीरच्या शेजारीच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे आणि तिथे कलाजतन केंद्र चालते. सल्ला विचारायला लांब जावे लागत नाही. आपल्याकडून अपेक्षा इतकीच, की प्रदर्शनाचे छायाचित्र छापताना त्याखाली माध्यम, माप आणि वर्ष द्यावे. जागा एका ओळीची लागेल.

आपले,
चौकटी आणि कागद-जतनाच्या कामातले दोन वाचक,
गिरगाव, मुंबई