चूक घड्याळाची नाही, कॅपिटल वायची

महोदय,

वर्ष संपत आले की एखाद्या पावतीवर किंवा मेसेजमध्ये अचानक पुढच्या वर्षाची तारीख येते आणि ‘सर्व्हरचे घड्याळ चुकले’ म्हणून विषय मिटवला जातो. घड्याळ बहुधा बरोबरच असते. चुकलेला असतो तो तारखेचा मजकूर बनवणारा फॉरमॅट, म्हणजे प्रोग्रॅममध्ये लिहिलेला अक्षरांचा साचा.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत नेहमीच्या वर्षासाठी चार स्मॉल वाय (yyyy) लिहितात. तिथे कॅपिटल वाय (YYYY) पडले तर मिळते आठवड्यांच्या हिशेबाचे वर्ष. आयएसओ ८६०१ या तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षातला पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला आठवडा. १ जानेवारी २०२६ गुरुवारी आला, त्यामुळे सोमवार, २९ डिसेंबर २०२५ पासूनचे दिवस २०२६ च्या खात्यात गेले. ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख ३१ डिसेंबर २०२६ अशी छापली जाते. याउलट १ जानेवारी २०२७ ला वर्ष २०२६ दिसेल. लोकेल, म्हणजे मशीनवरची देश-भाषेची निवड, अमेरिकन असेल तर आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणजे तोच कोड दोन मशीनवर वेगवेगळ्या दिवशी चुकतो! बाकी वर्षभर दोन्ही वाय सारखेच उत्तर देतात, म्हणून ‘आजची तारीख बरोबर येते’ ही चाचणी इथे कुचकामी. चाचणीत २८ डिसेंबर ते ३ जानेवारी या तारखा, त्याही चार-पाच वर्षांच्या, घालाव्यात.

एम अक्षराचेही तसेच. जावात कॅपिटल एम महिना आणि स्मॉल एम मिनिटे. पायथन या दुसऱ्या भाषेतल्या स्ट्रफटाइम (strftime) या तारीख लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये नेमके उलटे. इकडचा फॉरमॅट तिकडे चिकटवला की महिन्याच्या जागी ४७ दिसतो. तो निदान डोळ्यांत भरतो. मिनिटे बारापर्यंत असतील तर तेही नाही. जावातला स्मॉल एच बारा तासांचा असतो. सोबत एएम-पीएम नसेल तर पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन एकच.

साठवायची तारीख आणि दाखवायची तारीख वेगळी ठेवावी, हा माझा आग्रह. जावास्क्रिप्टला मराठी लोकेल दिले की आकडे देवनागरीत येतात. वाचकाला ते छानच, पण तोच मजकूर डेटाबेसमधून परत वाचताना बहुतेक पार्सर (मजकुरातून तारीख ओळखणारे प्रोग्रॅम) अडतात. साठवताना वर्ष-महिना-दिवस हा क्रम आणि यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक लिहावा. जावास्क्रिप्टचे टूआयएसओस्ट्रिंग (toISOString) हे फंक्शन वेळ यूटीसीत देते. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या आपल्या घड्याळात पहाटे पाचला त्यातली फक्त तारीख कापून घेतली, तर कालची मिळते.

– एक वाचक