रात्री घरी काढलेला ग्राफ कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोलापुरातील एका चादर कारखान्यात मी अठरा वर्षे जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठीची, डिझाइने करतो. मुलीच्या रुखवतात ठेवायची चादर म्हणून गेल्या वर्षी मी घरी, रात्रीची जेवणे उरकल्यावर, मोरांच्या जोडीचा ग्राफ (विणायच्या नक्षीचा चौकटींवरचा आराखडा) काढला आणि पिसाऱ्यातला एक डोळा मुद्दाम उलटा ठेवला. सुताचे पैसे भरून ती एकच चादर कारखान्याच्या मागावर विणून घेतली. फाइल मात्र तिथेच राहिली, ही चूक माझीच. दिवाळीत नवी पेठेतल्या दुकानात तोच मोर, उलट्या डोळ्यासकट, घडी घालून रचलेला दिसला. विचारले तेव्हा नेमणूकपत्रातले वाक्य दाखवण्यात आले: 'नोकरीच्या काळात केलेले सर्व काम कंपनीच्या मालकीचे राहील.'

माझा आक्षेप 'काळात' या शब्दाला आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. नोकरीचा भाग नसलेल्या कामाचा मालक ते करणाराच. (वृत्तपत्रात नोकरी करणाऱ्याच्या लेखनावर मालकाचा हक्क त्याच कलमाने मुख्यतः नियतकालिकांतील प्रसिद्धीपुरता ठेवला आहे, म्हणजे आपले उपसंपादक आमच्यापेक्षा सुखी.) नेमणूकपत्रातला 'काळ' मात्र रविवार आणि रात्रही गिळून टाकतो.

मालकांची बाजू अगदीच पोकळ नाही. माझा हात त्यांच्याच मागांवर तयार झाला, आणि दिवसा इथे पगार घेऊन रात्री शेजारच्या कारखान्याला ग्राफ विकणाऱ्याची तरफदारी मी करणार नाही. पण रुखवताची चादर हा धंदा नव्हे.

आमच्या क्षेत्रात आणखी एक मेख आहे. नोंदणी करता येण्याजोगे, पण नोंदणी न केलेले डिझाइन हक्कदाराने स्वतः किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर पन्नासहून अधिक वेळा काढले, की कॉपीराइट कायद्याच्याच कलम 15 प्रमाणे त्यावरचा कॉपीराइट संपतो. डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी केल्यास 10 वर्षे आणि वाढवून आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. परंतु बाजारात आलेले डिझाइन नवे राहत नाही, त्यामुळे नोंदणी आधीच करावी लागते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे खरे, पण ते गावाच्या नावाला आहे, ग्राफ काढणाऱ्या हाताला नाही.

'नोकरीच्या काळात केलेले' याऐवजी 'कारखान्याने नेमून दिलेले' असे लिहिण्यात कोणत्याही मालकाचे काही जात नाही. मी तसा लेखी अर्ज दिला आहे. त्याची पोचसुद्धा अद्याप मिळालेली नाही.

आपला,
एक जेकार्ड डिझायनर, सोलापूर