उकिरड्यावरचा गडी

प्रिय बाई,

परवा फोनवर तू रडवेली झाली होतीस. ‘बाबा, दुष्ट मेले ते बरं झालं, पण कॉर्डेलियाला कशाला फासावर दिलं?’ तेव्हा मला काही बोलायला सुचलं नाही. आता धानाचे पुंजणे लागले, हात मोकळे झाले, म्हणून लिहायला बसलो. तू दिवाळीत ठेवून गेलेला विंदांचा ‘राजा लिअर’, म्हणजे शेक्सपियरच्या ‘किंग लिअर’चा अनुवाद, दोनदा वाचला. थोरल्या दोघी, गॉनरिल आणि रीगन, बापाची खुशामत करून राज्य घेतात; धाकटी कॉर्डेलिया खरं बोलते आणि हाकलली जाते.

तुझ्यासारखं पूर्वीही लोकांना लागलं. १६८१ साली नेहम टेट नावाच्या नाटककारानं शेवटच बदलला. कॉर्डेलिया जगते, ग्लॉस्टर सरदाराचा भला मुलगा एडगर, त्याच्याशी तिचं लग्न ठरतं, लिअरला राज्य परत मिळतं. दीडेकशे वर्षं इंग्लंडात तेच नाटक चाललं. इकडे पूर्व विदर्भात, आपल्या झाडीपट्टीतही नाटकाला रात्रभर थंडीत बसलेली माणसं खलनायक पडला की शिट्ट्या मारतात, मीही मारल्या आहेत. पण टेटचा शेवट मला पटत नाही. त्यात चांगुलपणाची मजुरी चुकती होते. कॉर्डेलिया मजुरीसाठी खरं बोलली नव्हती गं.

मला मात्र दुसराच माणूस झोपू देत नाही. लिअरला मदत केली म्हणून म्हाताऱ्या ग्लॉस्टरला खुर्चीला बांधून रीगनचा नवरा कॉर्नवॉल त्याचा एक डोळा काढतो, तेव्हा कॉर्नवॉलचाच नोकर आडवा येतो. लहानपणापासून तुमची चाकरी केली, पण आता थांबा म्हणतो याहून चांगली चाकरी कधी केली नाही, असं धन्याला सांगतो. तलवारी निघतात. धन्याला घाव बसतो, रीगन मागून वार करून नोकराला मारते. दुसरा डोळाही जातोच. कॉर्नवॉल म्हणतो, या मेलेल्या गड्याला उकिरड्यावर फेका. त्याला नावसुद्धा नाही, नुसता ‘पहिला नोकर’.

पण त्याच घावानं कॉर्नवॉल मरतो. रीगन विधवा होते, ग्लॉस्टरचा दुसरा मुलगा एडमंड, त्याच्यासाठी दोघी बहिणी एकमेकींवर उठतात, गॉनरिल तिला विष घालते आणि स्वतःला सुरा मारून घेते. पुढचं बरंचसं त्या गड्याच्या एका घावातून सुटत गेलं, आणि ते बघायला तो उरला नाही. १६०८ च्या छापील प्रतीत आणखी दोन नोकर आहेत, म्हाताऱ्याच्या रक्ताळल्या तोंडाला लावायला जवसाचे धागे आणि अंड्याचा पांढरा बलक आणायला निघालेले. १६२३ च्या प्रतीत ते बोलणं गाळलंय. फार वाईट केलं.

तुझा आजा सालदार होता, हे तुला माहीत आहे. हे मात्र कधी सांगितलं नाही. मी आठ वर्षांचा असेन. खळ्यावर मालक एका पोराला ओंजळभर धानासाठी बैल हाकायच्या तुतारीनं मारत होता. आज्यानं तुतारी मधेच धरली. ‘मालक, बस झालं.’ एवढंच. टोकाचा खिळा तळव्यात रुतला होता, तरी सोडली नाही. संध्याकाळी कामावरून काढलं, उरलेलं धान बुडालं. माय चिमणीच्या उजेडात हळद भरत होती आणि मी त्याचं मनगट धरून बसलो होतो. तो उन्हाळा आम्ही मोहफुलं वेचून काढला.

मालकाचं काही वाकडं झालं नाही. मानानं जगला, मानानं गेला.

आज्याच्या तेरवीला एक पिकल्या केसांचा माणूस सगळ्यांच्या आधी आला आणि शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत राहिला. तू त्याच्याकडून दोनदा भात मागून घेतलास. तोच तो पोरगा.

पेपरात कॉर्डेलियावर लिहिशीलच. त्या नोकरालाही चार ओळी दे.

तुझा,
बाबा