हिमालयातल्या दगडफुलांचे फोटो टाकताना प्लीज एवढं बघा

मंडळी, स्पिती-लडाखच्या ट्रेकचे फोटो येतायत, मस्त आहेत, पण नुसता लांबून काढलेला रंगीत दगड बघून लायकेन (म्हणजे दगडफूल, बुरशी आणि शैवाल मिळून बनलेलं) ओळखता येत नाही हो. आधी ठेवण बघा, दगडाला घट्ट चिकटलेलं म्हणजे क्रस्टोज, पानासारखं सुटं ते फोलिओज (आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल याच गटातलं), झुडपासारखं किंवा लोंबतं ते फ्रुटिकोज. मग भिंगातून क्लोजअप, खालची बाजू, शेजारी मापाला पट्टी, उंची आणि कशावर वाढलंय तेही लिहा.

भगवं दिसलं की सगळे झँथोरिया (भगव्या लायकेन्सचा एक गट) लिहितात, पण दुसरी भगवी लायकेन्सही असतात, आणि कॉस्टिक पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाच्या) थेंबाने जांभळट लाल झालं तरी फक्त पॅरिएटिनसारखं भगवं रंगद्रव्य आहे एवढंच कळतं, जात नाही कळत. थॅम्नोलिया नावाचं लायकेन मात्र पांढऱ्या पोकळ अळीसारखं, चटकन ओळखू येतं.

आणि कळकळीची विनंती, खरवडून आणू नका. पिवळ्या-हिरव्या नकाशासारखं दिसणारं रायझोकार्पॉन हे लायकेन थंड भागात बरेचदा वर्षाला १ मिलिमीटरसुद्धा वाढत नाही, तळहाताएवढा ठिपका आपल्या पणजोबांच्याही आधीचा असू शकतो. पोटॅशची टेस्ट करायचीच तर आधीच गळून पडलेल्या तुकड्यावर करा.