आधी कातळाचा सडा पावसाळ्यात बघा, मग एआय आणा

महोदय,

पर्यावरण परवानग्या झटपट निघाव्यात म्हणून आता पर्यावरण आघात मूल्यांकनाचे, म्हणजे प्रकल्पाचा निसर्गावर काय परिणाम होईल ते सांगणारे अहवाल एआयने लिहावेत आणि एआयनेच तपासावेत, असा सूर ऐकू येतो. यंत्राला माझा विरोध नाही. पण ते शिकणार कशावरून? आजवरच्या अहवालांवरूनच ना!

त्या अहवालांची तऱ्हा आम्हा रत्नागिरीकरांना चांगली ठाऊक आहे. जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालाचे उतारे आले होते. आंबा-काजूच्या मुलखातले पक्षी म्हणे स्प्रूस आणि बर्च या थंड प्रदेशातल्या झाडांच्या जंगलात राहतात! ती चोरी निदान हसू यावं इतकी उघडी होती. यंत्र बर्च काढून तिथे ऐन-किंजळ घालील, मग पकडणार कोण?

त्याहून मोठी अडचण सड्यांची, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या उघड्या कातळपठारांची. मूल्यांकनासाठी मूळ नोंदी बहुतेक वेळा एकाच हंगामाच्या घेतात, तोही पावसाळा वगळून. एप्रिलमध्ये सड्यावर काय दिसणार? करपलेलं गवत आणि तापलेला कातळ. उपग्रहाच्या चित्रातही तेच, म्हणून कागदोपत्री 'पडीक'. त्याच कातळावर पाऊस पडला की डबकी भरतात, बेडूक ओरडू लागतात, श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांच्या फुलांचा निळा-जांभळा गालिचा पसरतो. तिथे मुरलेलं पाणीच खालच्या वाडीच्या झऱ्याला येतं. हे ज्या नोंदींत नाही, त्यांवर शिकलेलं यंत्र प्रत्येक सड्याला पडीकच म्हणेल, आणि 'संगणकाने सांगितलं' म्हटल्यावर जनसुनावणीत कोणी तोंड उघडणार नाही.

त्यापेक्षा जुन्या पद्धतीच्या तज्ज्ञ प्रणाली मला बऱ्या वाटतात. 1971 साली अमेरिकेत लूना लिओपोल्ड या जलशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी प्रकल्पातल्या 100 कृती आणि पर्यावरणाचे 88 घटक यांचा तक्ता मांडला. तज्ज्ञ प्रणालींत अशाच जाणकारीचे 'असं असेल तर तसं करा' असे नियम असतात. अवाढव्य असले तरी ते वाचता येतात, त्यांवर भांडता येतं. 'जांभ्याचा सडा असेल तर पावसाळी सर्वेक्षण सक्तीचं' हा एक नियम जरी घातला, तरी कोकणाचं अर्धं काम होईल.

एआय लावायचंच तर तपासणीला लावा. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या अर्जात आजूबाजूच्या वनक्षेत्राची माहिती नीट दिलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये पर्यावरण मंजुरी स्थगित केली, तेव्हा त्यावरही बोट ठेवलं होतं (जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, तो भाग वेगळा). प्रकल्पापासून 15 किलोमीटरच्या आत जंगल आहे की नाही, हे नकाशावरून शोधायला यंत्राला कितीसा वेळ लागतो? एका अहवालातले परिच्छेद दुसऱ्यात आलेत का, तेही ते चटकन सांगेल. अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो, तेव्हा हा पहारा हवाच.

पण तो पहारा फक्त पर्यावरण मंत्रालयाच्या हाती नको. जनसुनावणीआधी किमान 30 दिवसांची नोटीस मिळते, मराठीत मात्र नुसता सारांश येतो. पूर्ण अहवाल मराठीत द्यावा आणि पाणी, हवा, वनस्पतींच्या मूळ नोंदींची फाइल त्याच दिवशी ग्रामपंचायतीत ठेवावी. ती यंत्राला घालून प्रश्न विचारणारी कॉलेजची पोरं आता गावोगावी आहेत.

– एक वाचक, राजापूर (जि. रत्नागिरी)