कानाच्या क्लिपसाठी मेथोट्रेक्सेट सोडू नका

महोदय,

मानेतल्या नर्व्हला करंट देऊन संधिवात आटोक्यात, अशा बातम्या सध्या येत आहेत आणि त्यांच्या मागोमाग, कानावरून त्याच नर्व्हला करंट देऊन संधिवात बरा करू म्हणणाऱ्या क्लिपांच्या जाहिरातीही. बातमी खरी आहे. जाहिरात तिच्या खांद्यावर बसून आली आहे.

आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, प्रतिकारपेशी सांध्याच्या अस्तरावरच उलटतात. त्या पेशींना नर्व्हकडून लगाम बसतो, हे अमेरिकी संशोधक केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने २००० साली उंदरांवर दाखवले. व्हेगस नर्व्ह (मेंदूतून मानेमार्गे पोटापर्यंत जाणारी नर्व्ह) उत्तेजित केली की प्लीहेतल्या नर्व्हमधून नॉरअॅड्रिनलिन हे संदेशवाहक रसायन सुटते. ते मिळताच काही टी पेशी (एक प्रकारच्या प्रतिकारपेशी) असिटिलकोलीन हे दुसरे रसायन सोडतात. ते मॅक्रोफेज या दुसऱ्या प्रतिकारपेशींच्या अल्फा-७ ग्राहीवर (रसायन पकडणाऱ्या प्रथिनावर) बसले की टीएनएफ हे सूज पेटवणारे प्रथिन कमी तयार होते. (याच ग्राहीवर निकोटिनही बसते, पण त्यावरून कोणी सिगारेटची वकिली करू नये, धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतोच.)

अर्धांगवायूनंतर आमवात झालेल्या काही रुग्णांचे हात शेजारी ठेवून पाहावेत. चालत्या हाताची बोटे सुजून वाकडी झालेली, लुळ्या हाताची जवळपास सरळ. रक्त एकच, त्यातल्या अँटिबॉडीही त्याच. लुळ्या बाजूची हालचाल कमी असते हे खरे, पण नर्व्हचा वाटाही नाकारता येत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली ती शस्त्रक्रियेने मानेत, डाव्या व्हेगस नर्व्हवर बसवायच्या यंत्राला. ते दिवसातून एकदा, एक मिनिट चालते. मंजुरी आहे ती बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेली) किंवा तत्सम औषधे लागू न पडलेल्या अथवा न सोसलेल्या प्रौढ रुग्णांपुरती. २४२ जणांच्या चाचणीत बारा आठवड्यांनी ठरलेली किमान सुधारणा यंत्र चालू असलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्क्यांत दिसली, यंत्र बसवून बंद ठेवलेल्यांपैकी सुमारे २४ टक्क्यांत. फायदा आहे, चमत्कार नाही. शिवाय मेथोट्रेक्सेटसारख्या आमवातावरच्या नेहमीच्या गोळ्या दोन्ही गटांत चालूच होत्या, हे जाहिरातीत येत नाही.

व्हेगस नर्व्हला कानावरून, त्वचेतून करंट देण्याची चाचणीही झाली आहे. ११३ रुग्णांच्या त्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले आणि खऱ्या व खोट्या उपकरणात फरक दिसला नाही.

तरीही क्लिपने गुण आल्याचे लोक सांगतात, त्याचे एक कारण साधे आहे. मेथोट्रेक्सेट पेशींत साठून राहते, त्यामुळे आठवड्याची गोळी थांबवली तरी सुरुवातीचे काही आठवडे फारसे बिघडत नाही. नेमकी तेव्हाच क्लिप कानाला असते आणि श्रेय तिला जाते. पुढे सांधे भडकतात, आणि तोवर झालेली हाडाची झीज भरून येत नाही.

क्लिप वापरून पाहायचीच असेल तर औषधे जशीच्या तशी चालू ठेवावीत. सकाळी उठल्यावर आखडलेले सांधे मोकळे व्हायला किती मिनिटे लागतात, ते रोज घड्याळ पाहून लिहावे. क्लिप सुरू करण्याआधीचे दोन आठवडेही नोंदवावेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? स्टिरॉइड तर कधीच एकदम तोडू नये. ते काही आठवडे घेतले तरी मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी सुस्तावतात आणि अचानक थांबवल्यास रक्तदाब कोसळू शकतो. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, टप्प्याटप्प्याने.

– एक संधिवाततज्ज्ञ